कोरा फ्लॅश

वाहेदभाईचं आणि माझं दुकान एका भिंतीचं. दर्यापुरात बसस्टँडवरून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला आधी त्याचा फोटो स्टुडिओ, मग माझं फ्रेमचं दुकान. त्यानं फोटो काढायचा, मी त्याला काच आणि चौकट लावायची, असं सव्वीस वर्षं चाललं. मी तापट माणूस. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझी बायको म्हणते आणि त्यात खोटं काही नाही. वाहेदभाई अगदी उलटा. गिऱ्हाईक अंगावर ओरडलं तरी तो "हो ना भाऊ, बरोबर आहे तुमचं" म्हणणार आणि स्टूल पुढे सरकवणार. दोन मिनिटांत गिऱ्हाईक निवायचं, आणि मी भिंतीपलीकडे चरफडत बसायचो.

आता तो नाही. त्याच्याबद्दल चांगलं सांगणारे गावात पुष्कळ आहेत, त्यांनी ते सांगावं. मला त्याची एक चूक सांगायची आहे. ती सांगताना माझाही वाटा सांगावा लागेल, त्याला इलाज नाही.

रोलच्या कॅमेऱ्याच्या दिवसांत आमच्याकडे लग्नाचा फोटोग्राफर रोलवर ठरायचा. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. हात ढिला असलेला यजमान चार-पाच रोल सांगायचा, बेताचा असला तर तीन. पण फोटोग्राफर मांडवात शिरला की सगळा गाव त्याच्यामागे. मामाला फोटो हवा, मामाच्या साडूला हवा, आचाऱ्याला हवा, बँडवाल्याला हवा, आणि पोरं तर माश्यांसारखी. नाही म्हटलं की लोक रुसतात, आणि वऱ्हाडात लग्नात रुसलेला माणूस पुढच्या तीन लग्नांत ते काढून दाखवतो. मग फोटोग्राफर लोकांनी एक तोड काढली होती. फ्लॅशच्या मागच्या बाजूला एक बारीक लाल बटण असायचं, फ्लॅश चालू आहे की नाही ते तपासायला दिलेलं. कॅमेरा डोळ्याला लावायचा, पण कॅमेऱ्याचं बटण दाबायचंच नाही. अंगठ्यानं मागचं लाल बटण दाबायचं. लख्ख उजेड पडतो, समोरचा खूश होतो आणि रोलमधला एक फोटो वाचतो. याला ते म्हणायचे कोरा मारणे.

हे फक्त वाहेदभाईच करायचा असं नाही. अचलपूरपासून तेल्हाऱ्यापर्यंत सगळे करायचे. पण वाहेदभाईचा हात त्यात फार सफाईचा. लग्नावरून आला की माझ्या दुकानात बसून सांगायचा, आज साठ कोरे मारले, एक पैलवान तर मिशीला पीळ देऊन तीनदा उभा राहिला. मी हसून हसून टाळ्या द्यायचो. कधी त्याला वाईट वाटलंच तर म्हणायचा, "सहदेवभाऊ, लाइट पडला का मानसाचं मन भरते. फोटो कोन मांगाले येते?" आणि खरंच कुणी येत नसे. अल्बम यजमानाचा. आचाऱ्याच्या मामेभावाचा फोटो निघाला की नाही हे विचारायला कोण दर्यापूरला येणार?

मग ती वर्षं आली. कापसाचा भाव पडला की आमच्या धंद्यात पहिली कुऱ्हाड रोलवर. पाच रोलची लग्नं तीनवर आली, तीनची दोनवर. पाहुणे मात्र तेवढेच, आणि हौसही तेवढीच. म्हणजे कोरे वाढले. माझ्याकडे नवरानवरीच्या फ्रेमा कमी झाल्या आणि हार घालायच्या फ्रेमा वाढल्या. त्यात तरणी माणसं फार. त्याबद्दल मी इथं बोलत नाही, पेपरवाल्यांनी तेव्हा पुष्कळ लिहिलं. मी नुसता काच पुसायचो आणि खिळे ठोकायचो.

दोन हजार सहा सालच्या वैशाखात खैरीला भगवंतरावांच्या मुलीचं लग्न होतं. भगवंतराव म्हणजे गावातला वजनदार माणूस, पण त्या वर्षी त्यांनीही स्पष्ट सांगितलं होतं, "वाहेदभाई, दोन रोल. त्याच्यावर एक फोटो नाई." वाहेदभाई गेला, बहात्तर फोटो काढून आला, आणि कोरे किती मारले ते त्या खेपेला मी विचारलंही नाही. आता सवय झाली होती.

भाद्रपदात, बाजाराच्या दिवशी, एक बाई त्याच्या दुकानात आली. तीस-बत्तीसची असेल, पण उन्हानं पार करपलेली. मी तिथंच होतो.

"भाऊ, माह्या प्राजक्ताचा फोटो पायजे होता," ती म्हणाली. "खैरीले भगवंतरावच्या पोरीच्या लग्नात काढला होता तुमी."

"प्राजक्ता कोन?" वाहेदभाईनं विचारलं.

"माही पोरगी. आठ वर्साची. पिवया फराकात होती. पोयाच्या सनाच्या आधी ताप आला अन् तीन दिवसात गेली. तिचा दुसरा फोटो नाई आमच्या घरी. मास्तरले पुसलं, शायेतबी नाई. तुमी काढला तेवढाच."

तिचं नाव दुर्गाबाई. नवरा पुण्याकडे बांधकामावर, ही इथं रोजमजुरीनं शेतात. लग्नात ती पोळ्या लाटायला होती. वाहेदभाईनं तिला बसवलं, आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी उठून पाहिलं तर तो निगेटिव्हच्या कपाटासमोर नुसता उभा होता. बाहेर येऊन म्हणाला, "निगेटिव्ह लय हायेत बाई. पाहा लागन. पुढच्या बाजारी या."

ती गेल्यावर मी विचारलं, "कोरा होता का?"

"भगवंतरावच्या लग्नात पोट्टयायचा एकबी खरा नवता, सहदेवभाऊ," तो म्हणाला. "एकबी नाई."

त्या दिवशी त्यानं सांगून टाकायला हवं होतं. मीही सांगायला हवं होतं, मी तर तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. पण पोर गेलेल्या बाईसमोर आमची दोघांची वाचा बसली. पुढच्या बाजारी ती आली. येताना पदरात बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा घेऊन आली, "घरच्या होय भाऊ, लेकरायले होतीन" म्हणून. वाहेदभाई म्हणाला, शोधून राहिलो. त्याच्या पुढच्या बाजारी आली तेव्हा अंबाडीची भाजी. तो म्हणाला, अजून दोन डबे पाहाचे राहिले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण तो खरंच शोधायचा. बाई गेली की भगवंतरावांच्या लग्नाची निगेटिव्हची पट्टी उजेडात धरायचा आणि एकेक चौकोन पाहायचा. मी म्हटलं, अरे, तुलाच माहीत आहे ना नाही म्हणून? तर म्हणाला, "चुकून एखांद्याच्या मांगं उभी असन." बहात्तर चौकोनांत कुणाच्या मागे, कुणाच्या कोपराआड, पिवळ्या फ्रॉकचा एक तुकडासुद्धा नव्हता.

असे पाच बाजार झाले. त्याची बायको रजियाबी एक दिवस माझ्याकडे आली. मोठी शहाणी बाई. म्हणाली, "भाऊ, थ्या शेंगा त्याईनं खाल्ल्या नाई. मलेबी शिजवू देल्ल्या नाई. कोपऱ्यात वायून गेल्या. तुमी समजावा त्याईले, बाईले खरं सांगून टाका म्हना." मी समजावलं. समजावलं म्हणजे ओरडलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रिकाम्या हातानं कसा जाऊ? पयले कॅमेरा घेतो. असा घेतो का त्यात कोरा मारताच येनार नाई. मंग जातो खैरीले अन् सांगतो का बाई, ही चूक झाली, अन् पुन्हा कोनाच्याच पोरीसोबत होनार नाई."

डिजिटलचं वारं तेव्हा आलंच होतं. शिक्षकांच्या पोरांकडे लहान कॅमेरे दिसू लागले होते, गिऱ्हाईक आमच्याकडे येऊन "रोल धुवाले आठ दिवस काहून लागते?" विचारू लागलं होतं. कधी ना कधी त्याला घ्यावाच लागणार होता. त्यानं डार्करूममधलं फोटो मोठा करायचं यंत्र विकलं, रजियाबीची भिशी निघाली, आणि सगळं मिळून साडेआठ हजार झाले. साडेआठ हजारांत लग्नाच्या कामाचा डिजिटल कॅमेरा म्हणजे तेव्हा चेष्टाच. आम्ही आधी अमरावतीला गेलो. तिथल्या दुकानदारानं आमची रक्कम ऐकून कॅमेरा काउंटरच्या वर काढलाच नाही, काचेतूनच दाखवला. मी त्याला दोन शब्द सुनावणार होतो, वाहेदभाईनं माझा हात धरून बाहेर आणलं.

दिवाळीनंतर आम्ही अकोल्याला गेलो. गांधी रोडच्या मागच्या गल्लीत गुलफाम नावाचा एक जण जुने कॅमेरे आणि मोबाइल विकायचा. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, पण पोरगा हुशार आणि तोंडानं गोड. वाहेदभाईला त्यानं स्टूल दिलं, मला उभं ठेवलं. आमचं बजेट ऐकून हसला नाही, हे मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो. त्यानं तीन कॅमेरे काढून फडक्यावर मांडले.

पहिला मोठा, काळा, हातात भरणारा. वरून वेगळा फ्लॅश बसवायची सोय. म्हणजे वाहेदभाईचा जुना दणदणीत फ्लॅश त्याच्यावर चढला असता आणि अख्खा मांडव उजळला असता. डाव्या बाजूचा रबर निघालेला होता, बाकी ठणठणीत. गुलफामनं अकरा सांगितले. मी घासाघीस सुरू केली. माणसाला एखादं काम येत असतं, मला ते येतं. अर्ध्या तासात मी त्याला साडेआठवर आणला, आणि वाहेदभाईकडे पाहिलं की आता खिशात हात घाल.

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, काढला, आणि विचारलं, "बेटा, इसमें कोरा मारते आता क्या?"

गुलफामनं डोळा मारला. धंद्यातलाच तो, लगेच समजला. "बिलकुल चाचा. फ्लॅश तो आपका अलग ही है, पीछे का बटन दबाते रहो. और वो नहीं तो कार्ड निकाल दो, फिर भी क्लिक होता है. किसी के बाप को पता नहीं चलता." हे त्यानं असं सांगितलं की जणू वर फुकटची पिशवी देतोय.

वाहेदभाईनं तो कॅमेरा फडक्यावर ठेवला आणि पुन्हा त्याला हात लावला नाही.

दुसरा चपटा, चांदीच्या रंगाचा, दिसायला देखणा. पण बटण दाबल्यावर डोळ्याची पापणी दोनदा लवेल एवढ्या वेळानं फोटो घ्यायचा. वाहेदभाईनं समोरच्या गल्लीतून जाणाऱ्या सायकलवाल्यावर धरला, तर फोटोत नुसती भिंत आली. तोही बाजूला झाला.

तिसरा म्हणजे जाडा, ओबडधोबड, अंगभर ओरखडे. मागच्या पडद्याच्या कोपऱ्यात शाईसारखा काळा डाग. फ्लॅश त्याच्या कपाळातच, बोराएवढा. त्याच्यावर दुसरा फ्लॅश बसवायची सोयच नव्हती. गुलफाम स्वतःच म्हणाला, "चाचा, ये आपके काम का नहीं. शादी में इसका उजाला दस फीट के आगे नहीं जाता. और इसमें एक लफडा है, कार्ड नहीं रहा तो ये चलताच नहीं. बटन दबताच नहीं."

"कार्ड निकालो," वाहेदभाई म्हणाला.

गुलफामनं कार्ड काढून दिलं. वाहेदभाईनं कॅमेरा माझ्यावर धरला आणि बटण दाबलं. काही नाही. पडद्यावर लाल अक्षरं आली, उजेड नाही. पुन्हा दाबलं. पंधरा-वीस वेळा दाबलं असेल. मग उलटा करून, बाजू बदलून, अंगठ्यानं मागची सगळी बटणं चाचपून पाहिली. एकदाही उजेड पडला नाही. त्याचं तोंड त्या वेळी असं झालं होतं की मला हसूही आलं आणि रडूही आलं. गुलफाम माझ्याकडे पाहत होता, म्हाताऱ्याला काय झालं म्हणून.

"हाच द्या," वाहेदभाई म्हणाला.

बसस्टँडपर्यंत मी त्याला बोलत राहिलो. बोललो म्हणजे चार लोक थांबून पाहायला लागले. लग्नाचं काम करणारा माणूस दहा फुटांच्या उजेडाचा कॅमेरा घेतो का? उद्या मांडवात नवरी काळी दिसेल तेव्हा तुझी नियत कोण विचारणार आहे? कोरा मारायचा नसला तर मारू नको, त्यासाठी धंदा बुडवायचा का? मोठा घे आणि लाल बटणाला हात लावू नको, झालं!

त्यानं शांतपणे ऐकलं. मग उजवा अंगठा माझ्यासमोर धरला. "सहदेवभाऊ, तीस वर्सं हा अंगठा थ्या बटनावर गेला. पोट्टं समोर आलं का मले समजाच्या आधी हाच जाते. याच्यावर माहा भरोसा नाई आता." दर्यापूरची एसटी लागली आणि आम्ही बसलो.

मी म्हटलं तेच झालं. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली, आणि त्या कॅमेऱ्यात मांडव म्हणजे अंधार आणि अंधारात दोन चमकणारे डोळे. पण नुसता उजेडाचा प्रश्न असता तर त्यानं दिवसा उजेडी तरी निभावून नेलं असतं. प्रश्न त्याचाच झाला होता. कुणीही फोटो मागितला की तो थांबायचा. समोरच्याला नीट उभं करायचा, डाग पडलेल्या पडद्यात बराच वेळ पाहायचा, मग बटण दाबायचा, मग तो फोटो त्याला दाखवायचा, नाव विचारायचा, वहीत लिहायचा. गुराख्याचं पोर असो की भांडी घासणारी बाई. तिकडे स्टेजवर नवरानवरी हार घालून मोकळे व्हायचे आणि याचं इकडे बँडवाल्याच्या नातीचं नाव लिहिणं चाललेलं. एका लग्नात मंगळसूत्राचा फोटोच हुकला. यजमानानं पैसे तर दिले नाहीतच, वर बाजारात बोंबाबोंब केली. माघापर्यंत लग्नाची कामं थांबली. नव्या स्टुडिओवाल्या पोरांना ती गेली. वाहेदभाईकडे उरले पासपोर्टचे फोटो. त्या वहीतल्या लोकांना मात्र त्यानं फोटो छापून पोचवले, बहुतेक फुकट, आणि त्यातले थोडे मी फ्रेम केले. मीही फुकट. उगाच पुण्यवान म्हणून नाही, त्याचं तोंड पाहून पैसे मागवत नव्हते.

दुर्गाबाईचं येणं कापूस वेचणीपासून थांबलं होतं. मला वाटलं, विसरली असेल. मूर्खासारखं वाटलं. आई कधी विसरत नसते, तिला फक्त मजुरी बुडवून येणं परवडत नव्हतं. वाहेदभाई रोज म्हणायचा, या आठवड्यात खैरीला जातो. आठवडा जायचा आणि हा जायचा नाही. शेवटी फाल्गुनात एका सकाळी मीच दुकान बंद केलं, त्याला उठवलं आणि काळी-पिवळी जीपमध्ये बसवलं. त्यानं खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी अडकवली होती.

खैरीच्या फाट्यावर उतरलो तर तिथली पोरं "फोटोवाले काका" म्हणून ओरडली आणि आमच्या पुढे गावात पळाली. एवढ्यानं घात झाला. आम्ही दुर्गाबाईच्या दाराशी पोचलो तेव्हा तिथं सतरंजी टाकलेली होती. शेजारच्या चार-पाच बाया जमल्या होत्या. दुर्गाबाईनं हातपाय धुऊन डोक्यावर पदर घेतला होता आणि ती बायांना सांगत होती, "आला वो प्राजक्ताचा फोटो. म्या म्हटलं नवतं, भाऊ शोधून आनतीनच."

आम्हाला बसवलं. तिची नजर पिशवीवर. वाहेदभाईनं पिशवी उघडली नाही.

"बाई, फोटो नाई," तो म्हणाला.

"नाई सापडला?"

माझ्या मनात आलं, म्हण, नाही सापडला. एवढे दोन शब्द म्हण आणि ऊठ. तिनंच तुला वाट दिली आहे. मी त्याच्या गुडघ्याला हातही लावला.

"सापडाले थो काढलाच नवता," वाहेदभाई म्हणाला. आणि मग त्यानं सगळं सांगितलं. दोन रोल, लाल बटण, अंगठा. काही झाकलं नाही. "नुसता लाइट पाडला बाई. कॅमेऱ्याचं बटन दाबलंच नाई. तिचाबी नाई अन् कोन्याच लेकराचा नाई. अन् तुमी इतके बाजार आल्या तं मी खोटं बोललो. मले मालूम होतं."

बायांमध्ये एकदम कालवा झाला. मैनाबाई नावाची एक म्हातारी पुढे सरकली. "म्हंजे आमच्या पोट्टयायले येडं बनवत होता काय रे? माह्या नातवानं टोपी घालून काढला होता, त्याचाबी असाच?"

"त्याचाबी असाच असन, मावशी," वाहेदभाई म्हणाला.

म्हातारीनं त्याला वऱ्हाडी भाषेतले चार शब्द दिले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याच्या बाजूनं भांडलो नाही. ते शब्द अर्धे माझे होते. त्या कोऱ्यांवर टाळ्या मी दिल्या होत्या.

दुर्गाबाईनं हात वर करून म्हातारीला गप्प केलं. ती रडली नव्हती, रागावलीही नव्हती. काहीतरी विचार करत होती.

"पन भाऊ, कॅमेरा तं डोयाले लावला होता ना तुमी?" तिनं विचारलं.

"लावला होता."

"मंग तुमाले दिसली असन थे." ती पुढे सरकून बसली. "मी मांडवाच्या मांगं पोया लाटून राहिली होती. तिचं तोंड पुसून देल्लं, चाप लावून देल्ला अन् म्हटलं, जाय, हासजो बरं. मले नाई पाहाले भेटलं. फोटो नसू द्या, भाऊ. मी काई म्हनत नाई तुमाले. कशी हासली थे, तेवढं सांगा."

सगळ्या बाया वाहेदभाईकडे पाहायला लागल्या. मैनाबाईसुद्धा. मला वाटलं, सुटला बिचारा. आठ वर्षांची पोर कॅमेऱ्यापुढे कशी हसणार, हे कुणालाही सांगता येईल. तीस वर्षांत त्यानं हजार पोरी हसताना पाहिल्या होत्या, त्यातली एक उचलून द्यायची होती फक्त. आणि ते पाप झालं असतं असं मला आजही वाटत नाही.

वाहेदभाईनं तोंड उघडलं, मिटलं.

"मी पायलं नाई बाई," तो म्हणाला. "कोरा माराचा असला का पाहावंच नाई लागत. कॅमेरा या डोयाले होता, अन् मी दुसऱ्या डोयानं स्टेजकडे पाहून राहिलो होतो. थे पोट्टे समोर आले तवाच नवरदेव आला होता."

दुर्गाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिला ते समजायला वेळ लागला असावा, कारण बोलली तेव्हा तिच्या आवाजात दोष नव्हता, नुसतं नवल होतं.

"थे तं पयत आली होती माह्याजवय," ती म्हणाली. "म्हने, माय वो, काकानं मले लय वेळ पायलं, अन् मंगच काढला."